महिरपी कंस की मोकळी जागा

२१ फेब्रुवारी २०१४ रोजी ॲपलने आयफोनसाठी घाईने एक दुरुस्ती पाठवली. इंटरनेटवर सुरक्षित जोडणी करताना समोरचा सर्व्हर खरा की तोतया हे एका डिजिटल सहीवरून ठरते, आणि ती सही तपासणारा टप्पाच फोनच्या प्रणालीतून गळून गेला होता. कारण होते सी भाषेतली एक जादा ओळ. 'इफ'ची अट, तिच्याखाली चार जागा आत सरकवून लिहिलेले 'गोटू फेल', आणि त्याच्याखाली तेवढेच आत सरकवलेले, शब्दशः तसेच दुसरे 'गोटू फेल'. वाचणाऱ्याला दोन्ही ओळी अटीच्या पोटात दिसतात. सीचा नियम मात्र असा की महिरपी कंस घातले नसतील, तर अटीच्या ताब्यात फक्त पुढचे एकच विधान येते. त्यामुळे पहिली ओळ अटीखाली राहिली आणि दुसरी उघड्यावर पडली. अट खरी असो वा खोटी, ती दर वेळी चालली, पुढची तपासणी ओलांडून थेट शेवटी उडी मारत राहिली, आणि त्या क्षणी चूक दाखवणाऱ्या चलात शून्य होते, म्हणजे 'सगळे ठीक'.

हे उदाहरण आता बहुतेक पाठ्यक्रमांत सांगतात, पण त्यातून धडा काढताना 'ओळ चुकून दोनदा चिकटवली गेली' एवढ्यावर थांबतात. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. त्या पानावर प्रोग्रामची रचना दोनदा लिहिलेली होती. एकदा माणसांसाठी, डावीकडच्या मोकळ्या जागेत. दुसऱ्यांदा यंत्रासाठी, कंसांत आणि अर्धविरामांत. दोन्ही लेखी बयाने जुळत नव्हती. वाचणाऱ्यांनी पहिले खरे मानले, कंपायलरने दुसरे.

कंस की इंडेंटेशन या जुन्या वादाकडे याच बाजूने पाहायला हवे. कारण इंडेंटेशन करायचे की नाही यावर वाद नाहीच. सी, जावा, रस्ट, गो यांपैकी कोणत्याही भाषेत काम करणारा माणूस सगळ्या ओळी डाव्या कडेला चिकटवून लिहीत नाही. प्रश्न इतकाच आहे की ही मोकळी जागा यंत्राने मानायची की तिच्याकडे काणाडोळा करायचा.

जागेला अर्थ असणे ही कल्पना कंसांपेक्षा जुनी आहे. १९५७ सालच्या फोरट्रानमध्ये ऐंशी रकान्यांच्या पंच कार्डावर प्रत्येक रकान्याचे काम ठरलेले होते. पहिल्या पाच रकान्यांत ओळीचा क्रमांक, सहाव्यात मागची ओळ पुढे चालू असल्याची खूण, सातव्यापासून बहात्तराव्यापर्यंत विधान, आणि उरलेले आठ रकाने कार्डांचा गठ्ठा हातातून पडला तर पुन्हा लावता यावा म्हणून. पण तिथे जागेचा संबंध कार्डाशी होता, विचाराच्या रचनेशी नव्हता. १९६०च्या अल्गोलने ही बेडी तोडली. ओळी कुठेही मोडा, जागा कितीही सोडा, भाषेला फरक पडत नाही; भाग कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते 'बिगिन' आणि 'एंड' हे शब्द सांगतील. मांडणी हा माणसांचा खासगी मामला आहे, हा निर्णय त्या वेळी मुक्तीसारखा वाटला असणार, आणि पुढची कित्येक दशके तोच चालला.

कंसांची वंशावळ तिथूनच निघते. केंब्रिजच्या मार्टिन रिचर्ड्स यांच्या बीसीपीएल भाषेत (१९६७) डॉलरचे चिन्ह आणि गोल कंस जोडून भाग बांधत. केन थॉम्पसन यांच्या बी भाषेत महिरपी कंस आले, डेनिस रिची यांच्या सीमध्ये ते पक्के झाले, आणि सीबरोबर जगभर गेले. अल्गोल ६८ने वेगळी वाट काढली होती: 'इफ' उघडला की उलटा 'फि' लिहून बंद करायचा, 'केस'ला 'एसॅक', 'डू'ला 'ओडी'. युनिक्सचे बोर्न शेल आजही 'फि' आणि 'एसॅक' वापरते. फक्त 'डू' तिथे 'डन'ने बंद होतो, कारण 'ओडी' नावाची आज्ञा युनिक्सवर आधीच दुसऱ्या कामाला होती. भाषेचे व्याकरण कधीकधी असल्या कारणांनी ठरते.

दुसरी परंपरा पीटर लँडिन यांची. मार्च १९६६ मध्ये पुढच्या सातशे प्रोग्रामिंग भाषांविषयी त्यांनी जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात फुटबॉलमधून उचललेला 'ऑफसाइड'चा नियम आहे. एखाद्या वाक्यांशाचे पहिले चिन्ह जिथे पडते तिथून खाली एक उभी रेघ कल्पायची. त्या रेघेच्या डावीकडे काही आले की तो वाक्यांश संपला. एवढ्या साध्या नियमावर डेव्हिड टर्नर यांनी सॅसल आणि पुढे मिरांडा या भाषा उभ्या केल्या, आणि १९९०मध्ये हॅस्केलने तो स्वीकारला. १९७४मध्ये डोनाल्ड नूथ यांनीही 'गोटू'वरच्या आपल्या प्रसिद्ध दीर्घ लेखात, प्रोग्राम लहान लहान तुकड्यांत लिहिले जाऊ लागले तर रचना दाखवायला खुणांऐवजी इंडेंटेशनच पुरेल, अशी शक्यता मांडली होती. ब्रिटनच्या इन्मॉस कंपनीने ट्रान्सप्युटर या चिपसाठी काढलेली ऑकम भाषा तर दोन जागांवर इतकी काटेकोर होती की तीन चालत नसत.

पायथनचा उगम मात्र आम्सटरडॅमच्या सीडब्ल्यूआय या गणितसंस्थेतला. तिथे लॅम्बर्ट मेर्टेन्स आणि त्यांचे सहकारी नवशिक्यांसाठी एक भाषा घडवत होते, तिचे नाव पुढे एबीसी झाले. १९७८मध्ये पोलंडमधल्या याब्लोना इथल्या एका वाड्यात बसून चौघे तज्ज्ञ एकाच बबल सॉर्टची वेगवेगळ्या मांडणीतली रूपे ताडून पाहत होते. एकमत होईना, म्हणून त्यांच्यातल्या रॉबर्ट ड्यूअर यांच्या पत्नीला बोलावून मत विचारले. पहिलेच रूप समजावून सांगितल्यावर त्यांनी विचारले की 'फॉर'च्या ओळीत जे लिहिले आहे ते खालच्या ओळींनाही लागू होते का, फक्त त्याच ओळीला नव्हे? प्रश्न ऐकून मंडळींच्या लक्षात आले की त्या ओळीच्या शेवटी अपूर्णविराम हवा. पायथनमध्ये 'इफ'च्या आणि 'फॉर'च्या ओळीअखेरीस जो अपूर्णविराम टंकावा लागतो, तो यंत्राला खरे तर लागत नाही. तो आहे वाचणाऱ्यासाठी, आणि तो एका प्रोग्रामर नसलेल्या वाचकाच्या प्रश्नातून आला. भाषेची परीक्षा तिच्या पहिल्या वाचकावर घ्यावी, याचे इतके चांगले उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

खिडो फान रोसम यांनी एबीसीवर काम केले होते. १९८९च्या नाताळच्या सुट्टीत त्यांनी पायथन लिहायला घेतली तेव्हा इंडेंटेशन तिथूनच सोबत आणले. हे आत कसे चालते ते एकदा नीट पाहण्याजोगे आहे, कारण त्यात बरेच गैरसमज विरतात.

पायथन प्रत्येक ओळ वाचताना आधी डावीकडची मोकळी जागा मोजते आणि ते आकडे एका चळतीत ठेवते. चळतीच्या तळाशी शून्य. नवी ओळ चळतीच्या वरच्या आकड्यापेक्षा जास्त आत असेल, समजा चार, तर चार वर ठेवायचे आणि व्याकरणाकडे 'इंडेंट' नावाचे एक चिन्ह पाठवायचे. ओळ बाहेर आली, तर जुळणारा आकडा सापडेपर्यंत चळतीवरचे आकडे उचलत राहायचे आणि प्रत्येक उचललेल्या आकड्यामागे एक 'डिडेंट' चिन्ह पाठवायचे. आठवरून एकदम शून्यावर आलात तर दोन डिडेंट जातात. आणि ओळ सहावर येऊन थांबली, जेव्हा चळतीत फक्त शून्य, चार आणि आठ आहेत, तर जुळणी लागत नाही आणि तिथल्या तिथे चूक दाखवली जाते. म्हणजे व्याकरणापर्यंत पोचतात ते कंसच. उघडणारा कंस आणि मिटणारा कंस. फक्त ते माणसाने टंकायचे नाहीत, त्याने आधीच सोडलेल्या जागेवरून यंत्र ते काढून घेते. पानावर रचना एकदाच लिहिली जाते, आणि दोन बयाने विसंगत निघण्याची सोयच उरत नाही.

याची किंमतही आहे. कोणत्याही कंसांच्या आत पायथन इंडेंटेशन मोजणे बंद करते, म्हणून लांब यादी चार ओळींत मोकळेपणाने लिहिता येते. पण त्यामुळेच एखाद्या फंक्शनला द्यायच्या मूल्यांच्या कंसात दुसरे अनेक ओळींचे निनावी फंक्शन लिहिता येत नाही. २००६मध्ये रोसम यांनी यावर एक लेख लिहून सांगितले की तांत्रिक युक्ती सापडली तरी ती मला नको आहे. विधानांचा गट पदावलीच्या पोटात बसवायचा कोणताही मार्ग त्यांना कुरूप वाटत होता. जावास्क्रिप्टचे लेखक जे दिवसातून शंभरदा करतात ते पायथनमध्ये नाव देऊन वेगळे लिहावे लागते. माझ्या मते नाव देण्याची ही सक्ती बहुतेक वेळा भल्यासाठीच असते. पण ती सक्ती आहे हे नाकारण्यात अर्थ नाही.

वाचनाच्या सोयीचे पुरावे काय सांगतात? १९८३मध्ये बेन श्नाइडरमन आणि सहकाऱ्यांनी पास्कलच्या प्रोग्रामवर नवखे आणि अनुभवी असे दोन्ही वाचक तपासले. दोन ते चार जागांचे इंडेंटेशन सर्वांत उपयोगी ठरले, सहा जागांनी उलट अडचण केली. २०१९मध्ये जर्मनीत बावीस जणांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपून हाच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा लक्षणीय फरक दिसला नाही. पुढे २०२३मध्ये श्टेफान हानेनबर्ग यांच्या गटाने जावातल्या एकात एक गुंतलेल्या अटी वाचायला दिल्या आणि तिथे इंडेंटेशनचा परिणाम मोठा निघाला. हे निकाल एकमेकांना खोडत नाहीत असे मला वाटते. सरळ चालणाऱ्या कोडमध्ये मांडणी फारशी मदत करत नाही. अटीत अट शिरली की तीच आधार होते. पण लक्षात घ्या, हे तिन्ही प्रयोग इंडेंटेशन असणे आणि नसणे यांची तुलना करतात. कंस विरुद्ध इंडेंटेशन हा सामना त्यांत खेळलाच गेलेला नाही, आणि तरी दोन्ही बाजूंचे लोक ते खुशाल दाखल्याला घेतात.

जवळचा पुरावा अँड्रियास स्टेफिक आणि सुझाना सीबर्ट यांचा, २०१३चा. कधीच प्रोग्रामिंग न केलेल्या लोकांना त्यांनी वेगवेगळ्या भाषांत छोटी कामे दिली. त्यांतली एक भाषा मुद्दाम, यदृच्छेने निवडलेल्या चिन्हांची होती. पर्ल आणि जावा या सीच्या वळणाच्या भाषांत नवख्यांची अचूकता त्या बनावट भाषेपेक्षा लक्षणीय चांगली निघाली नाही. पायथन, रुबी आणि क्वोरम यांत ती निघाली. यातली गंमत अशी की रुबी आणि क्वोरम 'एंड' या शब्दावर चालतात. म्हणजे नवख्यांना मदत झाली ती इंडेंटेशननेच असे यावरून म्हणता येत नाही. चिन्हांऐवजी शब्द असण्यानेही तेवढेच साधत असेल.

आता इंडेंटेशनची दुखरी बाजू. मोकळी जागा दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते प्रवासात हरवते. पीडीएफमधून उचललेला पायथनचा तुकडा कित्येकदा सपाट होऊन येतो. महिरपी कंसांचा कोड असा सपाट झाला तर फॉरमॅटर एका झटक्यात तो पुन्हा उभा करतो, कारण रचना कंसांत शाबूत असते. सपाट झालेली पायथन कोणताही फॉरमॅटर परत आणू शकत नाही. लूपमधली शेवटची ओळ लूपच्या आत होती की बाहेर, हे लिहिणाऱ्यालाच विचारावे लागते. या वादातला मला सर्वांत वजनदार वाटणारा मुद्दा हाच. कंसांवरून इंडेंटेशन काढता येते, हरवलेल्या इंडेंटेशनवरून कंस काढता येत नाहीत.

टॅबचा घोळ याच जातीचा. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६मध्ये बेल लॅब्जमध्ये 'मेक' हे साधन लिहिले आणि आज्ञांची ओळ टॅबने सुरू झाली पाहिजे असे ठरवले. लवकरच तो निर्णय चुकल्यासारखा वाटू लागला, पण तोवर डझनभर लोक ते वापरत होते आणि त्यांचे काम मोडू नये म्हणून तो तसाच राहिला. आजही टॅबऐवजी आठ जागा दिल्या की 'मेक' अडून बसते, आणि पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीने टॅब म्हणजे आठ रकाने असे धरून दोन्हींची सरमिसळ चालवून घेतली. २००८च्या तिसऱ्या आवृत्तीने गोंधळात टाकणारी सरमिसळ ही सरळ चूक ठरवली. मांडणीच्या फाइली लिहिण्याच्या यामल या स्वरूपाने इंडेंटेशनमध्ये टॅबला बंदीच घातली.

आणि यामलबद्दल मला स्पष्ट बोलायचे आहे. प्रोग्राम हा मुख्यतः माणसांनी लिहायचा आणि माणसांनी वाचायचा मजकूर आहे. तिथे इंडेंटेशनला कायद्याचे बळ देणे मला पटते. सर्व्हरची मांडणी सांगणारी यामलची फाइल मात्र आता बहुधा दुसरा प्रोग्राम तयार करतो. कंटेनर चालवणाऱ्या कुबरनेटीस या प्रणालीवर काम करणाऱ्यांच्या हेल्म या साधनात 'एनइंडेंट' नावाचे फंक्शन आहे. त्याचे काम एवढेच की घालायचा मजकूर नव्या ओळीवर घेऊन दिलेल्या संख्येइतका आत सरकवायचा. म्हणून साच्यांमध्ये जागोजागी आठ, बारा असे आकडे हाताने मोजून लिहिलेले आढळतात, आणि वरचा एक स्तर बदलला की ते सगळे पुन्हा मोजावे लागतात. आकडा चुकला तर नशीब असेल तेव्हा फाइल नाकारली जाते. नसेल तेव्हा एखादी किल्ली शेजारच्या पालकाखाली जाऊन बसते, फाइल वैध राहते, आणि मेमरीची मर्यादा भलत्याच कंटेनरला लागते. सेवा बंद का पडली हे शोधत रात्र काढणाऱ्याला तिथे कोणतेही तत्त्वज्ञान उपयोगी पडत नाही. यंत्राने जोडायच्या मजकुराला उघड खुणा हव्यात. रॉब पाइक यांनी २०१२मध्ये गो भाषेची बाजू मांडताना गूगलमधला अगदी असाच अनुभव सांगितला होता: दुसऱ्या भाषेच्या पोटात ठेवलेला पायथनचा तुकडा, भोवतालच्या कोडचे इंडेंटेशन बदलल्यावर, काहीही न दिसता मोडायचा.

डोळ्यांनी न वाचणाऱ्या प्रोग्रामरांची बाजू या वादात फार कमी ऐकू येते. स्क्रीन रीडर मजकूर बोलून दाखवतो आणि मोकळी जागा सहसा गिळतो. एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरमध्ये म्हणूनच ओळीचे इंडेंटेशन ऐकवण्याची खास सोय आहे: बोलून, किंवा सुरांनी, ओळ जितकी आत तितका सूर वेगळा. काही जण सुरांवर इतके सरावतात की कोडचा उतारचढाव कानाने ओळखतात. ब्रेल पट्टीवर मात्र प्रत्येक जागा एक घर खाते. चाळीस घरांच्या पट्टीवर चार जागांच्या तीन पायऱ्या उतरल्या की बारा घरे रिकामीच बोटांखालून जातात. टॅब असेल तर तीच पायरी एका घरात मावते. टॅबचा आग्रह धरणारे लोक हे कारण सांगतात तेव्हा ते ऐकून घेतले पाहिजे. चार जागांची शिफारस करणाऱ्या पायथनच्या शैलीपत्रकाने या वाचकांचा विचार केलेला दिसत नाही. स्टेफिक यांनी क्वोरम घडवली ती अंध विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून, आणि त्यांनी 'एंड' निवडला हे मला अर्थपूर्ण वाटते.

कंसांच्या छावणीने दरम्यान आपली तटबंदी बरीच सुधारली. स्विफ्ट आणि रस्ट यांनी अटीखाली कंस सक्तीचे केले, त्यामुळे ॲपलची ती चूक तिथे लिहिताच येत नाही. २०१६च्या जीसीसी ६ने फसवे इंडेंटेशन ओळखून इशारा द्यायला सुरुवात केली. म्हणजे सीच्या कंपायलरलाही शेवटी मोकळ्या जागेकडे पाहावे लागले. गोने याहून पुढचे पाऊल टाकले. तिच्याबरोबर येणारा 'गोफम्ट' कंसांवरून इंडेंटेशन स्वतः लिहितो, टॅबने, सर्वांसाठी एकसारखे, आणि उघडता कंस त्याच ओळीवर ठेवणे ही भाषेचीच अट आहे. उघडता कंस ओळीअखेर की नव्या ओळीवर, यावर सीच्या जगात चार दशके भांडणे झाली. गोमध्ये तो विषय संपला. पायथन इंडेंटेशनवरून कंस काढते, गो कंसांवरून इंडेंटेशन. दोन्हीकडे माणूस रचना एकदाच सांगतो. या दोन टोकांना मी एकाच बाजूचे मानतो. धोका आहे तो मधल्या मुलखात, जिथे दोन्ही गोष्टी हाताने लिहायच्या आणि त्या जुळतात की नाही हे कोणी पाहायचे नाही.

म्हणूनच स्काला ३चा प्रयोग मला खटकतो. २०२१मध्ये मार्टिन ओडर्स्की यांनी कंसांच्या जोडीला इंडेंटेशनची शैली आणली, दोन्ही वैध. हॅस्केलमध्येही दोन्ही चालतात, पण तिथे सुरुवातीपासून इंडेंटेशनच रूढ असल्याने वाद पेटला नाही. स्कालाच्या हाताशी मात्र कंसांत लिहिलेले वर्षानुवर्षांचे कोड होते, आणि प्रत्येक गटाला पुन्हा बसून ठरवावे लागले. वेबपानांच्या शैलीसाठीच्या सॅस या भाषेची गोष्ट उलट दिशेची. ती इंडेंटेशनवर सुरू झाली आणि २०१०मध्ये तिने कंसांचे रूप स्वीकारले, ज्यात साधी सीएसएस जशीच्या तशी चालते. आज बहुतेक लोक तेच वापरतात.

कोड लिहिणारा आता दर वेळी माणूस नसतो. २०२१मध्ये ओपनएआयने कोडेक्स हे मॉडेल तयार केले तेव्हा सलग मोकळ्या जागांसाठी वेगळी टोकने (मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत वाचते ते) द्यावी लागली, आणि तेवढ्या बदलाने तोच कोड सुमारे तीस टक्के कमी टोकनांत बसू लागला. पायथनमध्ये मोकळ्या जागेचे वजन किती, हे यातून दिसते.

आपल्याकडे हा वाद कागदावर येऊन अडतो. सीबीएसईने अकरावी-बारावीच्या संगणकशास्त्रात सी प्लस प्लस सोडून पायथन घेतली. नवख्यांसाठी ती निवड योग्यच आहे. मीही तीच केली असती. पण लेखी परीक्षेत प्रोग्राम हाताने लिहावा लागतो, आडव्या रेघांच्या कोऱ्या पुरवणीवर. पान संपते, तिसऱ्या पायरीवरचा लूप पुढच्या पानावर जातो, आणि डावीकडे मोजायला काहीच नसते. मुलगी ओळ अंदाजाने लिहिते, तपासनीस अंदाजाने वाचतात, आणि 'रिटर्न' लूपच्या आत होते की बाहेर यावर गुण अवलंबून असतात. जी भाषा रकान्यांवर चालते तिच्या उत्तरासाठी उभ्या फिकट रेघांचा कागद दिला पाहिजे. तो द्यायला कोणत्याही नव्या यंत्राची गरज नाही, छापखान्यात एक जादा साचा लागतो. तोवर शिक्षकांनी विद्यार्थ्यांना पट्टीने समासाला समांतर तीन रेघा आखून घ्यायला सांगावे, आणि मंडळाने त्या रेघांना गुण कापू नयेत असे तपासनिसांना लेखी कळवावे.